सिंकखालचा क्रशर: वास कुठून येतो, तो अडकतो का आणि साफ कसा ठेवायचा

सिंकखालच्या, खरकटे दळणाऱ्या क्रशरला वास येऊ लागला की बहुतेक जण पात्यांना दोष देतात. पाती बोथट झाली असतील, त्यांना काहीतरी चिकटले असेल, असा तर्क असतो. पण क्रशरमध्ये पाती नसतातच. त्याचे नाते मिक्सरपेक्षा किसणीशी जवळचे आहे, आणि ते एकदा लक्षात आले की काय टाकायचे, कसे धुवायचे आणि बंद पडल्यावर काय करायचे, हे सगळे त्यातूनच सुचत जाते.

डब्याच्या तळाशी मोटरवर फिरणारी स्टीलची तबकडी असते. तिच्यावर धातूचे दोन जाड खटके सैल बसवलेले असतात. तबकडी फिरली की खरकटे बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते. त्या भिंतीला दातेरी कडे असते. खटके खरकट्याला कड्यावर घासत राहतात आणि किसून बारीक झालेला भाग कड्याच्या फटींतून पाण्याबरोबर खाली निघून जातो. साध्या इंडक्शन मोटरची तबकडी आपल्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेते, चुंबकी मोटरची २,५०० च्या पुढे जाते. म्हणजे कापणारे इथे काहीच नाही. जे कडक आहे आणि कड्यावर आपटून तुटते ते जाते. जे चिवट, लवचिक किंवा धाग्याधाग्याचे आहे ते खटक्यांना गुंडाळून बसते.

बर्फ टाकून ‘पाती धार लावण्याचा’ सल्ला सर्रास दिला जातो. धार लावायला काही नाहीच, पण बर्फाचा उपयोग मात्र खरा आहे. तो पुढे येईल.

पाण्याची धार

क्रशर दळतो, पण वाहून नेण्याचे काम पाण्याचे आहे. नळाची धार मिनिटाला निदान ६ लिटर हवी. मोजायला सोपे आहे: एक लिटरची बाटली दहा सेकंदांत भरली पाहिजे. पंधरा-वीस सेकंद लागत असतील तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. टाकीतला गाळ तिथेच साचतो. एकमजली घरात टाकी स्वयंपाकघराच्या डोक्यावर जेमतेम सहा-सात फूट असते, तिथे जाळी धुऊनही धार बारीकच राहू शकते. अशा घरात थोडे थोडे टाकून जास्त वेळ पाणी सोडणे, एवढाच उपाय.

क्रम असा ठेवा. आधी पाणी, मग बटण, मग खरकटे, तेही मुठीमुठीने. घरघर थांबून आवाज मोकळा झाला की दळून झाले. त्यानंतर आणखी १५ ते २० सेकंद पाणी आणि मशीन दोन्ही चालू ठेवा. ही शेवटची वीस सेकंदे वाचवण्याच्या नादात निम्मी दुरुस्ती अंगावर येते, कारण दळलेला लगदा डब्यातून निघून पुढे पाइपात बसतो आणि तिथेच वाळतो.

पाणी थंड हवे. गरम पाण्यात चरबी वितळते, पुढे पाइपात निवते आणि थर धरते. थंड पाण्यात ती घट्ट राहते, तिचे तुकडे होतात आणि ते वाहून जातात. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचे ‘थंड’ पाणीही चटका देते. त्या वेळी तेलकट भांड्यांचे खरकटे क्रशरला देऊ नका, संध्याकाळी द्या. खोबरेल तेलाचेही तसेच: ते साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खोबरेलातल्या भाजीचे उरलेले तेल पाइपात मेणासारखे बसते. तव्यावरचे, कढईतले तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकणे सगळ्यांत सोपे. दुकराच्या मांसाची चरबी तर आपल्याकडच्या हवेत बारा महिने गोठलेलीच असते. सोरपोतेलचे भांडे क्रशरमध्ये पालथे घालू नये.

आपल्या स्वयंपाकघरातले काय चालते

परदेशी माहितीपुस्तिकेत सेलरी आणि आर्टिचोक वर्ज्य असल्याचे लिहिलेले असते. आपल्याकडचा खरा शत्रू नारळ. करवंटी आणि सोडण कोणी टाकत नाही, पण रस काढून उरलेला चोथा सहज जातो. चोथ्याचे तंतू छोटे असतात, दळलेही जातात, पण ते पाणी धरून ठेवतात आणि ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या पाइपातल्या पाणी साठून राहणाऱ्या भागाच्या, वळणात चिखलासारखे बसतात. ताटात राहिलेला चमचाभर चोथा चालतो, वाटीभर नाही. तो माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात घातलेला बरा.

मासळीचे मात्र नीट सांगायला हवे. बांगड्याचे, तारल्याचे काटे बिनधास्त टाका. ते कडक असतात, कड्यावर आपटून चुरा होतात आणि जाताजाता कड्यावरचा थर खरवडून नेतात. खवले नकोत: ते पातळ आणि चपटे असतात, दळलेच जात नाहीत आणि डब्याच्या भिंतीला, पाइपला नाण्यांसारखे चिकटतात. कातडेही नको, ते रबरासारखे ताणते. सुंगटांची (कोळंबीची) साले आणि डोकी थोडी असली तर दळली जातात, पण त्यांचा बारीक अंश सिंकच्या तोंडाच्या रबरी झडपेखाली राहिला तर दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात शिरवत नाही. तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले अजिबात नाही. खटका आणि कड्याच्या मधे त्याचा एक तुकडा पुरेसा होतो. मासळी म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारातच साफ करून आणली तर यातले निम्मे प्रश्न घरात येत नाहीत.

शेवग्याच्या शेंगांची चोथी, कणसाची केसरे, हळदीची आणि केळीची पाने, फणसाची पाती, आंब्याची बाठ, आमाड्याचे बाठे यांना मनाई. फणसाच्या बाबतीत चीक हा वेगळा उपद्रव आहे. तो तबकडीवर बसला की साबणाने निघत नाही, चिंधीला खोबरेल लावून पुसावा लागतो. कांद्याची पातळ पापुद्र्याची साल तबकडीवरून न दळताच सटकते आणि ट्रॅपमध्ये जाळे विणते. अंड्याच्या टरफलाच्या आतला पडदाही असाच. चहाची पत्ती चिमूटभर चालते. कॉफीचा गाळ दिसायला निरुपद्रवी, पण तो वाळूसारखा पाइपाच्या तळाशी बसतो.

उकड्या तांदळाचा भात फुगतो. ताटातली चार शिते आणि वाडगाभर भात यांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. बटाटा, सुरण, अळकुड्या यांची साले एकदम लोटली की पिठाची खळ होते. म्हणूनच गणेश चवथीच्या दिवसांत क्रशर हमखास तुंबतो: खतखत्याच्या भाज्यांची टोपलीभर साले, पाहुण्यांची पंगत, पत्रावळ म्हणून केळीची पाने, आणि सिंकपाशी एकाच वेळी तिघे जण. त्या दिवसांत सालांसाठी सरळ बादली ठेवा.

वास कुठे दडतो

सिंकच्या तोंडाशी काळ्या रबराची झडप असते, पाकळ्या पाकळ्यांची. पाणी उडू नये म्हणून ती असते. दळताना उडालेला प्रत्येक शिंतोडा तिच्या खालच्या बाजूला बसतो आणि तिथे पाण्याची धार कधीच पोचत नाही. वरून झडप चकचकीत दिसते, खाली बुळबुळीत थर असतो. वासाची तक्रार असेल तर आधी इथे पाहा. बहुतेक वेळा शोध इथेच संपतो.

प्लग काढा. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण घरात दुसरे कोणी ते बत्तीचे समजून दाबू शकते. कित्येक मॉडेलांत झडप नुसती वर ओढली की निघते. निघाली तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून दहा मिनिटे बुडवा आणि जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी, विशेषतः पाकळ्यांच्या चिरांमधून घासा. निघत नसेल तर एकेक पाकळी वर दुमडून खालून घासा. ब्रशला लागून जे येईल ते पाहिल्यावर हे काम दर आठवड्याला करण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. रबर ताठर झाले असेल, पाकळ्या वर वळल्या असतील तर झडप बदला. ती सुटी मिळते, मात्र घेताना जुनी बरोबर न्या, कारण मापे कंपनीगणिक वेगळी असतात.

झडप झाली की डबा. क्रशरचे तोंड बुचाने बंद करा, सिंक अर्धे थंड पाण्याने भरा, त्यात चमचाभर भांड्यांचा द्रव साबण घाला. मशीन चालू करा आणि बूच काढा. पाच-सात लिटर पाणी एका झटक्यात डब्यातून जाते, भिंती धुते आणि पुढचा पाइपही खळखळून काढते. ही पद्धत बाकी सगळ्या नुस्ख्यांपेक्षा सरस आहे आणि तिला खर्च शून्य.

बर्फाचे काम महिन्यातून एकदा. दोन वाट्या बर्फाचे खडे आणि अर्धी वाटी जाडे मीठ डब्यात टाका, बारीक धार सोडा आणि अर्धा मिनिट चालवा. बर्फाचे तुकडे कड्यावर आपटून थर खरवडतात, मीठ घासणीचे काम करते. आगरातले जाडे मीठ यासाठी उत्तम, पण नंतर पूर्ण मिनिटभर मोठ्या धारेने धुवायलाच हवे. स्वस्त मॉडेलांचे कडे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असते. मीठ त्यावर रात्रभर राहिले तर गंज आलाच म्हणून समजा. शेवटी लिंबाची दोन-चार साले छोटी चिरून दळली तर वास चांगला येतो. ती अत्तर आहेत, साबण नव्हेत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांबद्दल थोडी निराशा करावी लागेल. दोन्ही एकत्र आले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे उरते ते खारट पाणी. फेसाने सैल घाण थोडी हलते, एवढेच. सोडा वापरायचाच तर नुसता वापरा: अर्धी वाटी टाकून अर्धा तास ठेवा, वास शोषला जातो, मग धुवा. माडाच्या सुरेचे व्हिनेगर यात ओतणे म्हणजे चांगल्या वस्तूचा अपव्यय.

ब्लीच, ऍसिड आणि नाला उघडण्याच्या पुडीतले कॉस्टिक सोड्याचे खडे क्रशरमध्ये कधीच घालू नका. खडे पाण्यात उकळी येण्याइतके तापतात आणि रबर-प्लास्टिकचे भाग जाळतात. पाणी तुंबलेलेच राहिले तर ट्रॅप उघडणाऱ्या प्लंबरच्या हातावर ते सांडते. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

बंद पडला तर

आधी कान द्या. बटण दाबल्यावर ‘हूं’ असा आवाज येतो पण फिरत नाही, म्हणजे काहीतरी अडकले आहे. ताबडतोब बंद करा. अडकलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहते आणि काही सेकंदांत वेटोळे तापते. काहीच आवाज नाही, म्हणजे सुरक्षा बटण सुटले आहे किंवा वीजच पोचत नाही.

प्लग काढून टॉर्चने आत पाहा. दिसेल ते लांब चिमट्याने काढा, हात घालू नका. मग मशीनच्या बुडाशी मध्यभागी षट्कोनी खाच आहे का पाहा. बऱ्याच मॉडेलांत असते आणि तिला पाव इंची ऍलन की लागते. की मशीनसोबत येते आणि पहिल्याच आठवड्यात हरवते, म्हणून ती दोऱ्याने पाइपलाच बांधून ठेवावी. की दोन्ही दिशांना मागे-पुढे फिरवा. अडकलेला तुकडा सुटला की तबकडी पूर्ण वळसा घेते. खाच नसेल तर वरून झाडूचा लाकडी दांडा घालून तबकडीवरच्या खटक्याला टेकवून रेटा द्या. त्यानंतर पाच-दहा मिनिटे मोटर निवू द्या आणि बुडाचे लाल सुरक्षा बटण आत दाबा. ‘टक’ होऊन ते आत राहिले तर ठीक. लगेच बाहेर आले तर अजून निवायचे आहे. पुन्हापुन्हा सुटत असेल तर मोटर किंवा वायरिंगचा दोष आहे, तिथे थांबा.

पावसाळ्यातली एक गोष्ट इथेच. दळण चालू असताना वीज गेली की माणूस स्वाभाविकपणे आत डोकावतो, चमचा पडला असेल तर काढायला हात घालतो. वीज परत येते आणि बटण चालूच असते. वीज गेली की आधी बटण बंद, मग पुढचे. मशीनला अर्थिंग असलेला स्वतंत्र तीन पिनांचा सॉकेट हवा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. अमेरिकेतून कोणी आणलेले ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे मशीन आपल्या सॉकेटला लावले तर लगेच जळते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत.

गळती होत असेल तर खालचे सगळे कोरडे पुसा, वर्तमानपत्र अंथरा आणि सिंकमध्ये बिटाचे लाल पाणी भरा. पहिला लाल थेंब कुठे येतो ते पाहा. वरून, सिंक आणि मशीनच्या जोडाशी आला तर तिथले तीन स्क्रू सैल झाले आहेत किंवा खालचे सीलिंग वाळले आहे. आवळून किंवा नवे सीलंट भरून काम होते. बाजूने आला तर निचऱ्याच्या नळीचा वॉशर. मशीनच्या बुडातून आला तर आतले सील गेले आहे, पाणी मोटरपर्यंत पोचले आहे आणि दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने ते तीन स्क्रू आणि प्लगच्या पिना आधी गंजतात. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तेवढे पाहून घ्या.

पाइप आणि त्यापुढचे

आपल्याकडे सिंकखाली बहुधा वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप असतो. साध्या सांडपाण्याला तो चालतो. क्रशरला तो मारक आहे, कारण प्रत्येक वळीत लगदा थांबतो. त्याजागी निदान ४० मिमीचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप आणि मीटरला २ सेंटिमीटर उतार हवा. क्रशर विकत घेण्याआधी सिंकचे छिद्रही मोजा. बहुतेक मशीनना साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ९० मिमी लागते.

पाइपाच्या पुढे काय आहे, हे क्रशर विकणारा सहसा विचारत नाही. अमेरिकेतल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुरचनाकाराने १९२७ मध्ये हे यंत्र बनवले, पण न्यूयॉर्क शहराने जुन्या गटारांच्या काळजीने ते १९९७ पर्यंत घरांत बसवू दिले नव्हते. गोव्यात पणजी, मडगाव, वास्कोच्या काही भागांत मलनिःसारण वाहिनी आहे. इतरत्र बहुतेक घरांना सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. अनेक घरांत स्वयंपाकघराचे पाणी टाकीत न जाता थेट शोषखड्ड्यात जाते. तसे असेल तर क्रशर बसवूच नये. लगदा खड्ड्याच्या भिंतींची छिद्रे बुजवतो आणि पावसात भूजल वर आले की तो खड्डा पाणी घेणे बंद करतो. टाकीतून जात असेल तरी गाळ लवकर साचतो आणि उपसा नेहमीपेक्षा आधी करावा लागतो. मधे छोटा ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातले तेल अडवणारी पेटी) असेल तर तो लगद्याने भरून कुजतो, आठवड्याला उघडावा लागतो. मोरीचे पाणी उघड्या चरातून माडाच्या बुंध्याशी सोडले असेल तर तिथे क्रशरचा लगदा म्हणजे उंदरांना रोजचे आमंत्रण. इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाला हे चालते का, ते आधी विचारावे. ओला कचरा वेगळा काढून देण्याची सोय दाराशी असेल, तर क्रशरवर फक्त ताटातल्या उष्ट्याचा भार ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करतो आहे.

घर महिनोन्‌महिने बंद ठेवायचे असेल

आखातात किंवा विलायतेत राहणाऱ्यांच्या घरांत क्रशर वापराने बिघडत नाही, न वापरल्याने बिघडतो. ओलाव्याने तबकडी आणि कडे यांच्यात गंज धरतो आणि ती दोन्ही एकमेकांना चिकटतात. जाण्याआधी बर्फ चालवा, मीठ मात्र या वेळी घालू नका. साबणाच्या पाण्याचा झटका द्या, साध्या पाण्याने धुवा, प्लग काढा, झडप काढून वाळवून बाजूला ठेवा. ट्रॅपमधले पाणी महिनाभरात आटते आणि टाकीचा वास, झुरळे घरात येतात. म्हणून शेवटी ट्रॅपमध्ये पेलाभर पाणी ओतून त्यावर दोन चमचे खाण्याचे तेल सोडा. तेल तरंगते आणि खालचे पाणी उडू देत नाही.

परत आल्यावर पहिले बटण दाबू नका. डब्यात पाणी सोडा, पंधरा मिनिटे थांबा, ऍलन कीने तबकडी हाताने दोन-चार फेरे फिरवा. सहज फिरली तर प्लग लावा. कुरकुरली तर आणखी पाणी, आणखी थोडे मागे-पुढे. आत टॉर्च मारून एकदा पाहाही, कारण बंद घरात झडप काढलेल्या भोकात पाल आसरा घेते.